पौराणिक कल्पनारम्य कादंबरी आणि तेरा वर्षांची वाचक: आधी मूळ महाभारत द्यावे का?

तुमचा प्रश्न मी प्रथम थोडक्यात मांडते, म्हणजे माझे उत्तर नेमके कशाला आहे हे स्पष्ट राहील. तुमची मुलगी १३ वर्षांची आहे, आठवीत आहे आणि इंग्रजी माध्यमात शिकते. तिने मैत्रिणीकडून एक जाडजूड इंग्रजी कादंबरी आणली आहे, जिच्यात आजच्या मुंबईतील एका शाळकरी मुलीला गांडीव धनुष्य सापडते आणि शाप भोगत अजूनही भटकणारा अश्वत्थामा तिच्या मागे लागतो. मुलगी पुस्तकात रमली आहे याचा तुम्हाला आनंद आहे. पण मूळच्या मालवणकडच्या तुमच्या सासूबाईंनी ती कथा ऐकून ‘महाभारतात असे कुठे आहे?’ असे विचारले आणि तेव्हापासून तुमच्याही मनात शंका आहे. हे वाचन थांबवून आधी मूळ महाभारत द्यावे का, चुकीच्या कथा डोक्यात बसतील का, आणि पुढे वाचू दिले तर आईने काय करावे, असे तुम्ही विचारले आहे.

मी मुंबईच्या पश्चिम उपनगरातील एका सार्वजनिक ग्रंथालयात कुमार विभाग सांभाळते आणि याच वयाच्या मुलामुलींचा वाचनगट अनेक वर्षे घेत आले आहे. त्या अनुभवावरून सांगते: वाचन थांबवू नका, आणि आधी मूळ, मग कादंबरी असा क्रमही लावू नका. मात्र पुस्तक संपले की विषय संपला, असेही होऊ देऊ नका.

कादंबरीतली कथा खरी की खोटी, हा माझ्या मते इथला खरा प्रश्न नाही. ती काल्पनिक आहे हे तुमच्या मुलीला ठाऊक आहे. तेरा वर्षांच्या मुलीला गांडीव मुंबईत सापडत नसते हे समजावून सांगावे लागत नाही. खरी अडचण अशी आहे की ज्या कथेत लेखकाने बदल केले, ती कथा तिला कुणी सांगितलेलीच नसते, त्यामुळे बदल कुठे आहे हे तिला दिसत नाही. ज्या मुलाने घरी आजोबांकडून अश्वत्थाम्याची गोष्ट ऐकलेली असते, तो कादंबरी वाचताना मध्येच थांबून ‘इथे लेखकाने वेगळे केले’ असे म्हणतो आणि त्याला त्यात दुप्पट रस वाटतो. ज्याने ती ऐकलेली नसते, त्याच्यासाठी कादंबरीतली आवृत्ती हीच एकमेव आवृत्ती ठरते. तेव्हा तिच्या हातातले पुस्तक काढून घेण्याने काही साधणार नाही. त्या पुस्तकाशेजारी दुसरे काहीतरी ठेवावे लागेल.

हे कसे करावे, ते काही गोष्टींवर अवलंबून आहे. मुलगी झपाझप वाचणारी आहे की रेंगाळत वाचणारी, घरात तिने यापूर्वी किती कथा ऐकल्या आहेत, आणि तुमच्या घरी महाभारत हे पारायणाचे, श्रद्धेचे पुस्तक आहे की केवळ थोर ग्रंथ म्हणून त्याचा मान आहे, यांवर माझ्या सूचनांतले कमीअधिक तुम्हीच ठरवावे.

आता ‘मूळ’ या कल्पनेविषयी, कारण सासूबाईंचा आक्षेप तिथे आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू केले आणि ते १९६६ मध्ये पूर्ण झाले. त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते ताडून पाहिली गेली. इतक्या परिश्रमानंतर सिद्ध झालेल्या संहितेत आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकलेले काही प्रसंग मुख्य पाठात नाहीत. व्यास सांगत आहेत आणि गणपती लिहून घेत आहे, ही कथा त्यांपैकी एक. मयसभेत फजिती झालेल्या दुर्योधनाला द्रौपदीने ‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ असे हिणवले, हे वाक्यही तिथे सापडत नाही, जरी ते वाक्य म्हणजेच युद्धाचे कारण असे मानणारी कितीतरी सुजाण माणसे मला भेटली आहेत. रामायणाचेही तसेच आहे. वाल्मीकींच्या काव्यात लक्ष्मणरेषा नाही.

हे मी सासूबाईंना खोडून काढण्यासाठी सांगत नाही, आणि तुम्हीही ते त्या हेतूने वापरू नये. परंपरेने जोडलेली कथा ही खोटी कथा नव्हे. शेकडो वर्षे लोकांनी ती जपली, कारण तिने त्यांना काहीतरी दिले. मुद्दा इतकाच की पुराणकथा बदलणे हे काही आजच्या इंग्रजी कादंबरीकारांनी सुरू केलेले नाही. आदिपर्वातील शकुंतला मुलाला घेऊन राजसभेत येते, तेव्हा दुष्यंत तिला ओळखतो आणि तरीही नाकारतो. शेवटी आकाशवाणी होते आणि मग तो तिचा स्वीकार करतो. त्या कथेत दुर्वासांचा शाप नाही आणि अंगठीही नाही. ही दोन्ही कालिदासाने आणली. त्या एका बदलाने राजाचा अपराध विस्मृतीत बदलला आणि प्रेमकथेला करुणेची खोली आली. पण भर सभेत राजाला खडे बोल सुनावणारी महाभारतातील शकुंतला मात्र थोडी मागे सरली. प्रत्येक बदलात काही मिळते आणि काही हातचे जाते. तुमच्या मुलीला या वाचनातून एकच गोष्ट शिकता आली, तर ती हीच असावी असे मला मनापासून वाटते.

सासूबाई मालवणकडच्या आहेत, म्हणजे त्यांनी गावच्या जत्रेत रात्र जागवून दशावतार पाहिला असण्याची शक्यता दाट आहे. दशावतारात आख्यानाची रूपरेषा ठरलेली असते, पण संवाद लिहिलेले नसतात. नट ते रंगमंचावर त्या क्षणी बोलतात, आणि कसलेला नट असेल तर नारदाचा युक्तिवाद दर जत्रेला वेगळा होतो. सुरुवातीला येणारा संकासुर हा वेद पळवणारा राक्षस, पण बोलतो मालवणीत आणि गावातल्या ताज्या गोष्टींवर. तेव्हा जुन्या कथेत आजचे गाव येणे सासूबाईंना अपरिचित नाही. त्यांना खटकते आहे ते कदाचित दुसरेच काही असेल: ही गोष्ट नातीला आपल्याकडून मिळाली नाही, ती परक्या भाषेतल्या पुस्तकातून आली. या भावनेचा मान राखायला हवा, आणि ते कसे करावे ते पुढे सांगते.

मग सगळेच बदल सारखे मानावेत का? तसे मी मानत नाही. माझ्या वाचनगटात आम्ही अशा कादंबरीला एक कसोटी लावतो, आणि ती मुलांना फार लवकर कळते. पुराणकथेत कोणतीही शक्ती फुकट मिळत नाही. वर मिळतो त्याला अट असते, अस्त्र मिळते त्याला मर्यादा असते, आणि दिलेले परतही द्यावे लागते. लेखकाने ही किंमत जपली आहे का, की केवळ झगमगणारे शस्त्र तेवढे उचलले, हे पाहावे.

तुमच्या मुलीच्या कादंबरीत गांडीव आहे, म्हणून त्याचेच उदाहरण घेऊ. खांडववन जाळताना अग्नी वरुणाकडून ते धनुष्य मागून आणतो आणि अर्जुनाला देतो. म्हणजे ते अर्जुनाच्या मालकीचे कधीच नव्हते. पुढे मौसलपर्वात, यादवांचा नाश झाल्यानंतर, अर्जुन वृष्णिकुळातील स्त्रियांना घेऊन निघतो आणि वाटेत आभीर दरोडेखोर हल्ला करतात. कुरुक्षेत्र जिंकणारा हा योद्धा त्या वेळी गांडीवाला प्रत्यंचाही मोठ्या कष्टाने चढवतो. अस्त्रे आठवत नाहीत, कधीही न संपणारे बाण संपतात, आणि स्त्रियांना पळवून नेताना त्याला पाहावे लागते. अखेर महाप्रस्थानाच्या वाटेवर अग्नी पुन्हा समोर उभा राहतो आणि धनुष्य वरुणाला परत कर असे सांगतो, तेव्हा अर्जुन ते भात्यांसह पाण्यात सोडून देतो. आता मुलीला विचारा: तुझ्या नायिकेला गांडीव कुणी दिले, आणि ते परत मागायला कोण येणार आहे? लेखकाने या प्रश्नाचा विचार केला असेल, तर उत्तर कादंबरीत कुठेतरी असेल. केला नसेल, तर मुलीच्या ते लक्षात येईल, आणि हे लक्षात येणे म्हणजेच चांगला वाचक होणे.

कर्णाची शक्तीही याच दृष्टीने पाहण्यासारखी आहे. कवचकुंडले कापून दिल्यावर इंद्राकडून मिळालेली ती शक्ती एकदाच चालणारी होती. कर्णाने ती अर्जुनासाठी राखली, आणि रात्रीच्या युद्धात घटोत्कचावर खर्च करावी लागली. कल्पनारम्य साहित्य वाचणाऱ्या मुलांना जादूचे नियम फार आवडतात. ते नियम या ग्रंथात किती काटेकोर आहेत हे कळले, की ती आपणहून तिकडे वळतात.

अश्वत्थाम्याचा प्रसंग मात्र मी सविस्तर घेते, कारण तुमच्या कादंबरीचा तो कणा आहे आणि याच प्रसंगात तुम्हाला सर्वाधिक हाती लागेल. सौप्तिकपर्वात कृष्ण आधीची हकीकत सांगतो: द्रोणांनी अर्जुनाला ब्रह्मशिर अस्त्र शिकवले आणि मुलाच्या हट्टापायी, मनाविरुद्ध, अश्वत्थाम्यालाही. पण माणसांवर ते कधी सोडू नकोस असे बजावून. झोपलेल्या शिबिरावर रात्री हल्ला करून, द्रौपदीच्या पाचही मुलांना मारून झाल्यावर कोंडीत सापडलेला अश्वत्थामा तेच अस्त्र सोडतो. अर्जुन उलट अस्त्र सोडतो. नारद आणि व्यास मध्ये उभे राहतात. अर्जुन आपले अस्त्र मागे घेऊ शकतो, कारण त्याच्यापाशी संयम आहे. असंयमी माणसाने तसा प्रयत्न केला तर ते त्याचेच मस्तक छेदते. अश्वत्थाम्याला ते जमत नाही आणि तो ते पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भांवर वळवतो. एक गुरू, एक विद्या, आणि दोन शिष्यांत इतके अंतर. तेरा वर्षांच्या मुलांशी यावर तासभर बोलता येते, आणि ती मुले थकत नाहीत.

त्यानंतर कृष्ण अश्वत्थाम्याला शाप देतो. इथे एक बारीक गोष्ट मुलीला जरूर दाखवा: महाभारतात शापाची मुदत ३,००० वर्षे सांगितली आहे. लोकपरंपरेने त्याला चिरंजीव मानले आणि तो आजही जखमेला तेल मागत फिरतो अशा कथा रुजल्या. कादंबरीकाराने लोकपरंपरा उचलली आहे, ग्रंथ नव्हे. यात गैर काही नाही, पण त्याने कुठून काय घेतले हे वाचकाला कळायला हवे.

याहून मोठा फरक द्रौपदीच्या बाबतीत आहे. सौप्तिकपर्वातील द्रौपदी पुत्रशोकाने प्रायोपवेशनाला, म्हणजे अन्न सोडून मरण पत्करायला, बसते. अश्वत्थाम्याला ठार करून त्याच्या मस्तकावरचा मणी आणला तरच मी जगेन, असे ती बजावते. भागवताच्या पहिल्या स्कंधात मात्र अर्जुन अश्वत्थाम्याला बांधून आणतो, तेव्हा हीच द्रौपदी त्याला सोडायला सांगते: हा गुरुपुत्र आहे, आणि मी मुलांसाठी रडते तशी याची आई रडू नये. दोन्ही ग्रंथ आपल्याला पूज्य, दोन्हींत द्रौपदीच, प्रसंगही तोच, आणि तरी एकीत न्यायाची मागणी, तर दुसरीत क्षमा. आमच्या गटात हे दोन उतारे लागोपाठ वाचले जातात तेव्हा मुले कोणती द्रौपदी खरी हे विचारत नाहीत. आपण असतो तर काय केले असते, यावर ती भांडतात. तुमची मुलगी कादंबरीच्या शेवटी पोहोचेल तेव्हा तिची नायिका अश्वत्थाम्याचे काय करते ते तिला सांगू द्या, आणि मग तो निर्णय कोणत्या द्रौपदीच्या जवळ जातो हे विचारा. एवढे झाले की ‘मूळ आधी की कादंबरी आधी’ हा प्रश्न तुमच्या घरात उरणार नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते. कादंबरी तिला एका दमात संपवू द्या. मध्ये मध्ये ‘हे असे नाही बरं का’ म्हणून अडवू नका, कारण गोष्टीच्या ओघात आलेल्या मुलाला थांबवणे म्हणजे वाहत्या पाण्यात बांध घालण्यासारखे आहे. ती वाचत असताना तुम्ही स्वतः सौप्तिकपर्व वाचा. संपूर्ण महाभारत वाचण्याचे ओझे घेऊ नका. हे पर्व अवघ्या १८ अध्यायांचे आहे आणि दोन संध्याकाळी पुरतात. मराठी भाषांतर तुमच्या जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयात बहुधा मिळेल; विचारून पाहा. इंग्रजीतच वाचायचे असेल, तर किसारी मोहन गांगुली यांचे १८८३ ते १८९६ या काळात प्रसिद्ध झालेले संपूर्ण भाषांतर इंटरनेटवर मोफत उपलब्ध आहे, पण ते चिकित्सक आवृत्तीच्या आधीचे आहे आणि त्याची भाषा जुनी असल्याने मुलीच्या हाती तसेच देऊ नये. तुम्ही प्रसंग निवडा आणि तिला तो मराठीत, आपल्या शब्दांत सांगा. कादंबरीतला एक प्रसंग आणि ग्रंथातला तोच प्रसंग, असे एका वेळी एकच घ्या. सगळी तुलना एका बैठकीत उरकण्याचा उत्साह टाळा. त्याची शिकवणी होते आणि मूल दुरावते.

आजींना यात सामील करा, पण परीक्षक म्हणून नव्हे. ‘आई, तुम्ही लहानपणी अश्वत्थाम्याची गोष्ट कशी ऐकलीत?’ असे नातीच्या देखत विचारा आणि त्यांना पूर्ण सांगू द्या. त्यांची कथा ग्रंथाशी जुळली नाही तरी त्या वेळी दुरुस्त करू नका. नातीला तिसरी आवृत्ती मिळते, आणि ती घरातल्या माणसाच्या आवाजात मिळते, हे कोणत्याही छापील पुस्तकाहून मोलाचे आहे. नंतर नातीनेही आजीला कादंबरीतली आवृत्ती सांगावी. मुंबईतल्या नाट्यगृहांत कोकणातल्या दशावतारी मंडळांचे प्रयोग अधूनमधून होतात. तसा एखादा असेल तर तिघी मिळून जा.

तुम्ही शेवटी संकोचाने विचारले आहे की मूळ ग्रंथाकडे वळल्यावर नियोग (पतीऐवजी दुसऱ्या पुरुषाकडून संतती मिळवण्याची जुनी रीत), वस्त्रहरण, सौप्तिकातील हत्या अशा गोष्टी येतील, त्यांचे काय. येतील. या वयाला त्या सांगता येतात, जर सरळ आणि थोडक्यात सांगितल्या तर. मुलगी जेवढे विचारते तेवढ्याचे खरे उत्तर द्या. वस्त्रहरणाविषयी तर मी म्हणेन की तेरा वर्षांच्या मुलीशी जरूर बोलावे, आणि द्रौपदीने सभेला विचारलेला प्रश्न, स्वतःला हरल्यावर युधिष्ठिराला मला पणाला लावण्याचा अधिकार उरला होता का, तिच्यापुढे मांडावा. अनेक आधुनिक कादंबऱ्या हा प्रसंग गाळतात किंवा चमत्काराने पटकन मिटवतात. त्या प्रश्नाला भीष्मांनाही निश्चित उत्तर देता आले नाही, हे मुलांना फार अस्वस्थ करते, आणि ती अस्वस्थता योग्य आहे.

एखादी सुट्टी काढून घारापुरीला जाण्याचाही विचार करा. गेटवेहून लाँच मिळते; सोमवारी लेणी बंद असतात. मोठ्या लेण्यात अंधकासुरवधाचा पट आहे. अंधकाच्या रक्ताच्या थेंबाथेंबातून नवा अंधक जन्मतो, म्हणून शिवाच्या एका हातात रक्त झेलण्यासाठी पात्र आहे. मूर्ती बरीच भंगली आहे, पण त्या शिल्पकाराने संपूर्ण कथेतून एक क्षण निवडला आणि कथेचा नियम त्या एका पात्रात दाखवला. कादंबरी वाचणाऱ्या मुलीला ती निवड समजते, कारण तिच्या लेखकानेही तेच केलेले असते.

राहिला मालिकेच्या पुढच्या भागाचा प्रश्न. तो घेण्यापूर्वी पहिल्या भागाच्या शेवटी लेखकाचे टिपण आहे का ते पाहा. आपण कोणत्या कथा घेतल्या आणि कुठे बदल केले हे प्रामाणिकपणे सांगणारा लेखक मला अधिक विश्वासाचा वाटतो. टिपण नसेल तर आणखी एक गोष्ट तपासा: कौरव म्हणजे वाईट आणि पांडव म्हणजे चांगले, अशी सरसकट वाटणी त्या पुस्तकात आहे का? असेल, तर लेखकाने या कथेतून फक्त नावे उचलली आहेत, आणि पुढच्या भागावर पैसे खर्च करण्याची घाई नको. वाचनालयातून आणून वाचू द्या. पण तुम्ही दिलेल्या वर्णनावरून या कादंबरीतल्या अश्वत्थाम्याला त्याच्या कृत्याचे ओझे जाणवते असे दिसते. तसे असेल, तर दुसरा भाग घ्यायला हरकत नाही, आणि तो येईपर्यंत मौसलपर्व वाचून ठेवा. तेही अवघ्या काही अध्यायांचे आहे.